कागदाला पत मिळवून देणारं गाव

फुलस्केप कागद म्हटला की आपल्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काहीतरी येतं. परीक्षेतली दोऱ्याने बांधलेली पुरवणी, बँकेतला अर्ज, वाण्याकडून दस्त्याने आणलेला रेघांचा कागद. ‘फुल’ म्हणजे पूर्ण आणि म्हणून हा मोठा कागद, असा अर्थ बहुतेकजण लावतात. खरा शब्द ‘फूल्स कॅप’ असा आहे, म्हणजे विदूषकाची टोपी. घुंगरं लावलेली, टोकं लोंबणारी ही टोपी युरोपातले काही कागदवाले आपल्या कागदात जलचिन्ह म्हणून उमटवत असत. कागद उजेडात धरला की ती दिसे. पुढे ते चिन्ह गेलं, पण त्या आकाराच्या कागदाला चिकटलेलं नाव राहिलं आणि इंग्रजांबरोबर आपल्या शाळांपर्यंत पोहोचलं.

कागदाच्या पोटात असं चिन्ह लपवण्याची रीत ज्या गावाने रूढ केली, ते गाव म्हणजे इटलीतलं फाब्रियानो. गेल्या वर्षी मी आणि माझी लेक तिथे दीड दिवस राहून आलो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांबद्दल आपल्या अंकांतून पुष्कळ लिहून झालं आहे. या डोंगराळ गावाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

जायचं कारण थोडं घरगुती होतं. मी इंग्लंडला आले १९८६ साली. तेव्हापासून फोन स्वस्त होईपर्यंत आईची पत्रं येत राहिली. निळ्या एअरोग्रामवर, कडेच्या चिंचोळ्या जागेतसुद्धा उभं-आडवं लिहिलेली. मी ती सगळी ठेवली आहेत. त्यात भर पडली ती भावाने वाईचं घर आवरलं तेव्हा. त्याने माझ्या हाती एक कापडी बासन दिलं. त्यात मोडीतली दोन जुनी खतं होती आणि आजोबांची १९४३ सालची एक वही होती. बासन सोडलं तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. मोडीतली खतं दीडशे वर्षांपूर्वीची, पण कागद मऊ आणि चिवट, घडी उलगडली तरी काही झालं नाही. वही त्यांच्या निम्म्या वयाची, आणि तिची पानं कोपऱ्यांत पापडासारखी मोडत होती.

आमच्या भागातल्या अभिलेखागारात मी ती दाखवायला नेली. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, “हा चिंध्यांचा आणि हा लाकडाचा. इटलीला गेलात तर फाब्रियानोला जा, सगळं समजेल.” लेकीबरोबर रोमला जायचं ठरलेलंच होतं. ती म्हणाली, “आई, रोममध्ये चारच दिवस आहेत. त्यातला दीड तू कागदाला देणार?” दिला.

रोमहून अँकोनाला जाणारी गाडी तेर्नी, स्पोलेतो, फोलिन्यो करत ॲपेनाइन डोंगरांत शिरते. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाताना होते तशी चढण, वळणं आणि बोगदे. डोंगर ओलांडला की मार्के प्रांत लागतो आणि लगेच फाब्रियानो येतं. वस्ती तीस हजारांच्या आसपास. मधला चौक मात्र पाहत राहावा असा. एका बाजूला १२५५ साली बांधलेला पोदेस्ताचा वाडा, म्हणजे शहराच्या न्यायाधीश-प्रशासकाचं ठाणं, आणि त्याच्या समोर १२८५ सालचं गोल, पायऱ्यापायऱ्यांचं कारंजं. ज्या काळात इकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते, त्याच काळातलं हे सगळं. गावाच्या राजचिन्हावर पुलावर ऐरण ठेवून घण मारणारा लोहार आहे. लॅटिनमध्ये लोहाराला ‘फाबेर’ म्हणतात आणि गावकरी गावाच्या नावाचा संबंध त्याच्याशी लावतात. हा लोहार लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

कागदाचा शोध चीनचा. मध्य आशियातून, समरकंद आणि बगदादमार्गे तो अरबांबरोबर पश्चिमेला आला आणि स्पेन व सिसिलीतून युरोपात उतरला. आपला ‘कागद’ हा शब्दसुद्धा फारसीतून आला. कागदाच्या गठ्ठ्याला आपण ‘रीम’ म्हणतो, त्याचं मूळ अरबी ‘रिझ्मा’. इटालियनमध्ये त्याचंच ‘रिझ्मा’ राहिलं आहे. म्हणजे एकच शब्द दोन दिशांनी फिरून फाब्रियानोच्या गोदामात आणि आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बसला.

पण युरोपात या नव्या वस्तूवर कुणाचा भरवसा नव्हता. महत्त्वाचं काही लिहायचं तर चर्मपत्रावर, म्हणजे मेंढी-वासराच्या कमावलेल्या कातड्यावर. कागद दमट हवेत बुरशी धरी, किडे तो खात, शाई फुटे. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ साली आपल्या राज्याचे कायदे केले, त्यात सरकारी दस्तऐवज कागदावर लिहू नयेत असं कलमच घातलं. आज आपण एखादी गोष्ट पक्की झाली की ‘कागदावर आली’ म्हणतो. तेव्हा कागदावर येणं म्हणजे कच्चं राहणं होतं.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फाब्रियानोत कागद बनू लागला होता. गावकरी १२६४ हे साल सांगतात. पुढच्या शंभरएक वर्षांत या गावाने कागदाची पतच बदलून टाकली. कशी बदलली, ते पाहायला सान दोमेनिकोच्या जुन्या मठात जावं लागतं. तिथे आता कागद आणि जलचिन्हांचं संग्रहालय आहे.

आत शिरण्याआधीच ठोके ऐकू येतात. धप्प, धप्प, धप्प. पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांची ती रांग हे फाब्रियानोचं पहिलं काम. त्याआधी चिंध्यांचा लगदा उखळ-मुसळाने किंवा जात्यासारख्या दगडाने करत. फाब्रियानोत लोकरीचा मोठा धंदा होता. विणलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून दाट करायला तिथे असे हातोडे आधीपासून होते. कागदवाल्यांनी शेजाऱ्याचं यंत्र घेतलं आणि लोहाराकडून त्याला खिळे ठोकून घेतले. पहिल्या टाक्यातल्या हातोड्यांना अणकुचीदार खिळे, ते चिंध्या फाडतात. दुसऱ्यात बोथट, ते धागे सुटे करतात. तिसऱ्यात नुसतं लाकूड, ते धागे घोटून एकजीव करतं. चिंध्या म्हणजे जुनं जवस आणि अंबाडीसारख्या तागाचं कापड: झिजलेल्या चादरी, सदरे, जहाजाचे दोर. लेक म्हणाली, “म्हणजे आज्जीची गोधडी!” तत्त्व तेच.

दुसरं काम चांभारांच्या शेजाराने झालं. शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद जरा हलकेच वाचावा. अरब कागदाला पिठाची खळ लावत. खळ नसेल तर शाई टीपकागदासारखी पसरते, म्हणून ती हवीच. पण युरोपच्या ओल्या हवेत पिठाला बुरशी येई आणि कसर लागे. फाब्रियानोकरांनी कातडी कमावताना उरणारे तुकडे उकळून त्याचं सरस काढलं आणि वाळलेला कागद त्यात बुडवून पुन्हा वाळवला. कागद कडक झाला, बोरूच्या टोकाखाली टिकू लागला, आणि मुख्य म्हणजे किडे-बुरशीला पुरून उरला. ज्या कागदाला सम्राटाने दाराबाहेर उभं केलं होतं, त्याच्यावर आता व्यापाऱ्यांच्या वह्या, न्यायालयांचे निवाडे आणि नगरपालिकांची दप्तरं लिहिली जाऊ लागली.

मला यातली जी गोष्ट फार आवडली ती ही, की या शोधांवर कुणा एका थोर माणसाचं नाव नाही. गल्लीत लोहार होता, पलीकडे लोकरवाला होता, नदीकाठी चांभार होता. एकाचं अवजार आणि दुसऱ्याचा कचरा तिसऱ्याच्या उपयोगी पडला. आपल्याकडच्या बलुतेदारांना हे निराळं सांगायला नको.

तिसरं काम जलचिन्हाचं, आणि तेही लोहाराच्या ऐरणीतूनच निघालं. कागद ज्या साच्यात धरतात तो साचा पूर्वेकडे बांबूच्या किंवा गवताच्या बारीक काड्यांचा असे. इथे तो धातूच्या तारेचा झाला. तारेच्या जाळीवर तारेचीच एखादी आकृती टाकून शिवली, तर त्या जागी लगदा पातळ बसतो. कागद वाळल्यावर हाताला काही कळत नाही, पण उजेडापुढे धरला की ती आकृती उजळ दिसते. सगळ्यात जुनं ज्ञात जलचिन्ह १२८२ सालचं आहे, एक साधा क्रूस. त्यानंतर प्रत्येक कारखान्याने आपापलं चिन्ह घेतलं: फळं, पक्षी, घंटा, अक्षरं. ग्राहकाला माल कुणाचा ते कळे, आणि बनावट करणाऱ्याची पंचाईत होई. फाब्रियानोजवळच्याच सास्सोफेर्रातो गावचा बार्तोलुस हा चौदाव्या शतकातला मोठा कायदेपंडित. त्याने चिन्हांवरच्या आपल्या ग्रंथात फाब्रियानोच्या कागदवाल्यांचं उदाहरण घेतलं आहे आणि कारखाना हातबदल झाला तर चिन्हावर हक्क कुणाचा, याचा विचार केला आहे. आजच्या ट्रेडमार्कच्या खटल्यांचे हे खापरपणजोबा म्हणायचे.

या चिन्हांचा इतिहासकारांना झालेला फायदा आणखी मोठा. साचा रोज वापरून दोनेक वर्षांत झिजतो, तार वाकते, चिन्ह जरासं बदलतं. त्यामुळे तारीख नसलेला कागदही साधारण कोणत्या वर्षांचा ते चिन्हावरून ठरवता येतं. शार्ल-मोईझ ब्रिके या स्विस अभ्यासकाने १९०७ साली सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांचा कोश छापला. आजही बनावट दस्तऐवज पकडायला तो उघडतात.

पुढे एकोणिसाव्या शतकात तारेऐवजी मेणाच्या पातळ पत्र्यावर चित्र कोरून, त्याचा धातूचा ठसा करून, त्यावर जाळी दाबायची युक्ती आली. त्यामुळे नुसत्या रेषांऐवजी छाया-प्रकाशाचं पूर्ण चित्र कागदात उतरू लागलं. संग्रहालयात असे चेहरे अंधाऱ्या खोलीत मागून उजेड देऊन मांडले आहेत. कोऱ्या कागदात माणसाचा चेहरा दिसतो, पापण्यांसकट. मी लेकीला माझ्या पाकिटातली पाचशेची नोट उजेडात धरून दाखवली: कोऱ्या भागात गांधीजी दिसतात ते याच विद्येने. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात, पण नोटेची पहिली खात्री छपाईआधी कागदातच झालेली असते. फाब्रियानोतही नोटांचा कागद बनत आला आहे, आधी लिराचा आणि नंतर युरोचा. आपल्या इंग्लंडच्या नोटा आता प्लास्टिकच्या झाल्या, त्यामुळे इथे वाढणाऱ्या मुलांना हे दाखवायला रुपयाच जवळ ठेवावा लागतो.

प्रत्यक्ष कागद करण्याचं काम तिघांचं. पहिला कारागीर साचा टाक्यात बुडवून वर काढतो आणि चारी बाजूंना असा हलवतो की धागे एकमेकांत गुंततात. एवढं काही सेकंदांत व्हावं लागतं. पाणी निथळलं की मग काही करता येत नाही. दुसरा तो ओला ताव लोकरीच्या फेल्टवर पालथा घालतो. तावावर फेल्ट, फेल्टवर ताव अशी थप्पी झाली की ती दाबयंत्रात पिळतात. तिसरा एकेक ताव सोडवतो. मग माळ्यावर दोऱ्यांवर कपडे वाळत घालावेत तसे ताव वाळत घालतात. पाहुण्यांनाही एक ताव काढू देतात. लेकीने साचा बुडवला, वर काढला आणि हलवायला सुरुवात केली तेवढ्यात म्हाताऱ्या कारागिराने तिच्या कोपराला नुसतं बोट लावलं. भाषा कुणाचीच जुळत नव्हती, पण हात मोकळा सोड हे तिला कळलं. तिचा ताव एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ झाला आहे. तो आता आमच्या बैठकीत चौकटीत आहे.

कारागिराला मी मोबाईलवर माझ्या मोडी खताचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून कागदाच्या कडा आणि पोत बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली. हाच धंदा आपल्याकडेही होता. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता. पुण्यात कसब्यातलं कागदीपुरा आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावं त्या कारागिरांचीच. सणाचे जुने दोर आणि पोती कुटून लगदा करायचा, गवताच्या काड्यांच्या साच्यात धरायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. आपल्या साच्यात तारेचं चिन्ह नव्हतं आणि खळ पिठाची होती. पण धागा फाब्रियानोसारखाच लांब आणि चिवट होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडले की आजही कागद वाचता येतात ते त्यामुळे. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली, तीही हा मरू घातलेला धंदा जगवायलाच.

मग आजोबांची वही का मोडते? एकोणिसाव्या शतकात छपाई वाढली, चिंध्या पुरेनात, म्हणून लाकडाचा लगदा आला. लाकडाचा धागा आखूड. त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की होतं तसं. त्यातच सरसाऐवजी राळ आणि तुरटीची खळ आली. तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते कागदाला आतून, हळूहळू, न थांबता खातं. म्हणजे १८५० नंतरची शंभरएक वर्षं ही कागदाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. नेमक्या त्याच काळात आपल्या घरांत शाळा शिरली, डायऱ्या आल्या, पत्रव्यवहार वाढला. आपल्या आजी-आजोबांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं ते अशा कागदावर.

फाब्रियानो स्वतःही या बदलातून सुटलं नाही. मधल्या शतकांत धंदा खालावला होता. १७८२ साली पिएत्रो मिलियानीने तो पुन्हा उभा केला. पार्माचा प्रसिद्ध मुद्रक बोदोनी त्याच्याकडून कागद घेई. विसाव्या शतकात गावाची भिस्त घरगुती यंत्रांच्या कारखान्यांवर गेली आणि पुढे तिथेही मंदी आली. २०१३ साली युनेस्कोने हस्तकलेसाठी ‘सर्जनशील शहर’ म्हणून गावाचा गौरव केला. आणि २०२४ साली झेरॉक्स-प्रिंटरचा साधा कागद बनवणं बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, जवळजवळ दोनशे कामगारांची नोकरी त्यात आली. चित्रकारांचा आणि खास कामाचा कागद मात्र चालू आहे. आम्ही राहिलो त्या घराची मालकीण सांगत होती की तिच्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी कागदातच आयुष्य काढलं आणि मुलगा बोलोन्याला संगणकाचं काम करतो. “तोही मला ईमेलच पाठवतो,” म्हणाली आणि हसली.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादी सूटकेस अशी असेलच, म्हणून शिकून आले ते सांगते. जुनी पत्रं लॅमिनेट करू नका आणि त्यांना सेलोटेप लावू नका. तो डिंक कागदात मुरतो आणि निघत नाही. टाचण्या आणि स्टेपलर काढा, त्या गंजतात. लॉफ्ट आणि गॅरेज या दोन्ही जागा वाईट, एकीत ऊन-थंडी आणि दुसरीत ओल. राहत्या खोलीतल्या कपाटात, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत पत्रं उलगडून सपाट ठेवा. १९४०-५० च्या वह्या आणि वर्तमानपत्रांची कात्रणं चांगल्या कागदापासून वेगळी ठेवा, कारण त्यांचं आम्ल शेजाऱ्यालाही लागतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि फोटोबरोबर साध्या शिसपेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुणी, कुणाला, कधी, कुठून. हे आता सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. मोडी वाचणारे तर त्याहून कमी. पण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्था आहेत, तिथे चौकशी करता येते.

आमच्या घरी या निमित्ताने एक क्रम सुरू झाला आहे. रविवारी संध्याकाळी लेक येते आणि आईचं एक पत्र वाचते. मराठी ती छान बोलते, पण अक्षरं लावत वाचते, त्यातून आईचं घाईचं वळण. पहिल्याच पत्रात ती पहिल्या ओळीवर अडली. “आई, आज्जी सुरुवातीलाच अउआ का म्हणते? तिला खोकला आला का?” तिथे लिहिलं होतं, ‘चि. सौ. हीस अ. उ. आ.’ अनेक उत्तम आशीर्वाद, असा तो अर्थ सांगताना मला पत्र बाजूला ठेवावं लागलं. त्या पत्रात बाकी दुधाचे भाव आहेत, शेजारच्या मुलीचं लग्न आहे आणि गोडा मसाला कुणाबरोबर पाठवला ते आहे.

आत्तापर्यंत अकरा पत्रं झाली. निळे कागद घड्यांवर विरले आहेत, म्हणून आम्ही आधी सगळ्यांचे फोटो काढून घेतले. लेक आता ‘ता. क.’ पर्यंत न अडखळता पोहोचते.